‘मला बघ’ की ‘मी बघते’?

प्रिय ताई,

मी गायिका आहे, वय सत्तावीस. आतापर्यंत दोन अल्बम आले, दोन्ही हळुवार प्रेमगीतांचे. गिटार, थोडा पियानो, डोळे मिटून ऐकायची गाणी. गेलं वर्षभर एका डान्स प्रोड्युसरबरोबर चार गाणी केली. ती नाचाची आहेत आणि, स्पष्टच लिहिते, शरीराची आहेत. करताना आली तेवढी मजा आजवर कधीच आली नव्हती. आता मॅनेजर म्हणतो, “बोल्ड व्हायचंच तर अर्धवट नको.” कव्हर आणि व्हिडिओसाठी त्याने पाठवलेल्या कल्पनांमध्ये कपडे कमी आहेत आणि मी त्याहून कमी. जुने चाहते म्हणतील, ही विकली गेली. माझं प्रत्येक गाणं सगळ्यात आधी आई ऐकते, पण ही चार अजून तिला ऐकवलेली नाहीत. मी माझ्या मनाने चाललेय की मला कुणी चालवतंय, तेच कळेनासं झालंय. डेमो सोबत पाठवतेय.

– अर्ध्या वाटेवरची

प्रिय अर्ध्या वाटेवरची,

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथे थोडक्यात दिलंय. त्या चार पानांत मॅनेजर दीड पान आहे, चाहते एक पान, आई एक पान. गाण्यांच्या वाट्याला उरलेलं अर्धं, त्यातही निम्मी तारखांची जुळवाजुळव. म्हणून मी गाण्यांपासूनच सुरुवात करते.

चारही डेमो ऐकले. आधी फोनवर, मग हेडफोनवर आणि एकदा घरातले सगळे बाहेर गेल्यावर मोठ्या स्पीकरवर, खुर्च्या बाजूला सारून. (हो, नाचले. वय विचारू नकोस.) मी स्वतः पंधरा वर्षं कोरसमध्ये गायले आहे. नाव कव्हरच्या मागे बारीक अक्षरात, तेही छापलं तर. त्यामुळे गुडघे गेले तरी कान शाबूत आहेत.

तिसरं गाणं फार चांगलं झालंय. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी किक, म्हणजे ड्रमचा तो जड ठोका, थांबते, बेस गळून पडतो आणि सेकंद-दीड सेकंद नुसता तुझा श्वास ऐकू येतो. तो श्वास कुणी कापला नाही, याबद्दल तुझ्या प्रोड्युसरला माझा नमस्कार सांग. मग तू ‘मी भिंतीला टेकून तुझं नाचणं बघत होते’ या ओळीवर येतेस, आणि तुझ्या नेहमीच्या पट्टीच्या बरीच खाली येतेस. माइकला ओठ जवळजवळ टेकवून गायलेलं दिसतंय. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकला इतकं बिलगलं की आवाजातला खर्ज आपोआप फुगतो. त्याचा तू नेमका फायदा घेतलायस. किक परत यायला अजून आठ मात्रा आहेत, ऐकणाऱ्याला ते माहीत आहे, आणि तू मुळीच घाई करत नाहीस. मिनिटाला १२४ ठोक्यांच्या गाण्यात ही एवढी एकच जागा आहे जिथे कुणीही नाचू शकत नाही. आणि सगळ्यात धीट जागा तीच आहे.

हे तुला कुणी शिकवलेलं नाही. दोन अल्बम हळू गाऊन, थांबून, शब्दाला वेळ देऊन जे कमावलंस तेच इथे वापरलंयस. तेव्हा ‘जुनी मी’ आणि ‘नवी मी’ ही भानगड मनातून काढून टाक.

आता चौथं. मॅनेजरला पहिलं सिंगल, म्हणजे अल्बमआधी सुटं येणारं गाणं, म्हणून हेच हवंय, असं तू लिहिलंयस. ठेका झकास आहे, ड्रॉप आला, म्हणजे थांबलेला ठेका जोरात परत आला, की मान आपोआप हलते. पण कागद-पेन घेऊन शब्द लिहून काढ आणि प्रत्येक ओळीत कर्ता कोण आहे ते बघ. मी बघितलं. मला बघ, मला उचल, मला ने, मला तुझी म्हण. सोळा ओळी आहेत. ‘मी’ कुणाकडे बघतेय, ‘मी’ काही मागतेय, ‘मी’ नको म्हणतेय, अशी एकही ओळ नाही. व्याकरणाच्या तासाला बसवतेय असं वाटेल, पण तुझ्या चार पानी प्रश्नाचं उत्तर मला या सोळा ओळींत सापडलं. तिसरं गाणं तू गातेयस. चौथ्यात तुझ्याकडे बघणारा गातोय आणि आवाज तेवढा तुझा वापरलाय. दोन्ही गाणी सारखीच ‘गरम’ आहेत. चौथ्याचे शब्द कुणी लिहिले ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारत नाही.

‘बोल्ड’ हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यात धीट, उघडं, चावट आणि थंडी न वाजणारं, असं सगळं बसतं. तुझा मॅनेजर शेवटच्या अर्थाने वापरतोय, तू पहिल्या. भांडण शब्दाच्या अर्थावरून चाललंय आणि दोघांना वाटतंय की ते कपड्यांवरून आहे.

एक जुनी गोष्ट सांगते, कारण तुझ्या पत्रात ‘रेकॉर्डिंगला दिवे घालवून बसलो’ असं आहे आणि ते वाचून मला हीच आठवली. १९७५ मध्ये डिस्को गायिका डोना समर जवळपास तुझ्याच वयाची होती. म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या प्रोड्युसरांबरोबर तिने ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ केलं. त्यातले शृंगाराचे उसासे सगळ्यांदेखत टाकायचे तिला अवघड वाटत होतं. मग दिवे मंद केले, ती स्टुडिओच्या जमिनीवर आडवी झाली आणि आपण मेरिलिन मन्रो आहोत अशी कल्पना करून गायली. अमेरिकेतल्या लेबलचा प्रमुख नील बोगार्ट याला गाणं इतकं आवडलं की त्याने ते लांबवून मागितलं. शेवटी ते जवळजवळ सतरा मिनिटांचं झालं, एलपीची अख्खी एक बाजू. बीबीसीने वाजवायला नकार दिला, आणि अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढे लेबलने तिच्या अंगावर चढवलेली शृंगारदेवीची झूल तिला जड व्हायला लागली. ती धर्माकडे वळली, लेबलशी कोर्टकचेरी करून बाहेर पडली आणि हे गाणं मंचावर गाणं तिने कितीतरी वर्षं बंद ठेवलं.

ही गोष्ट इथेच थांबवून ‘म्हणून पोरींनो, जपून’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी थांबवत नाही, कारण मध्ये १९७७ येतं. त्याच तिघांनी ‘आय फील लव्ह’ केलं. जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर. बेसची न थांबणारी शिवण आणि तिच्या वर तरंगणारा तिचा उंच, हलका आवाज, शब्द मोजकेच. आजच्या क्लब संगीताची अर्धी वंशावळ त्या एका गाण्यापाशी जाऊन टेकते. पहिल्याच्या मानाने त्यात उसासे नाहीतच म्हटलं तरी चालेल. माझ्या कानाला मात्र तेच जास्त धीट वाटतं. पहिल्यात ती दुसऱ्या कुणाची तरी कल्पना अंगावर घेऊन आडवी पडली होती. दुसऱ्यात काय होतंय ते ती स्वतः सांगते. माणसं तीच, मध्ये दोन वर्षं.

म्हणून माझा पहिला सल्ला: तिसरं गाणं पहिलं सिंगल कर. चौथं टाकून देऊ नकोस, त्याचे शब्द पुन्हा लिही. सगळ्या ओळी उलटवायची गरज नाही. ‘मला बघ’ म्हणण्यातही मजा असते, कोण नाही म्हणतंय? पण ते म्हणण्याआधी तू त्याला बघितलेलं असू दे. कॅनडाची गायिका नेली फुर्टाडो हिचं उदाहरण तुझ्या कामाचं आहे. दोन अल्बम लोकसंगीताच्या वळणाचे केल्यावर २००६ मध्ये तिने टिंबालँड या प्रोड्युसरबरोबर ‘लूज’ केला, थेट नाचाचा आणि चावट. त्यातलं ‘प्रॉमिस्क्युअस’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते सबंध गाणं म्हणजे दोघांची जुगलबंदी आहे. तो एक टाकतो, ती परतवते, कधी तीच आधी टाकते. शब्दाला शब्द देणारी बाई ऐकणाऱ्याला बाहुली वाटत नाही, मग तिने काहीही घातलेलं असो.

चाहत्यांचं. काही जातील, त्याला इलाज नाही. पहिल्या सिंगलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठा आवाज जाणाऱ्यांचाच असतो, हेही ध्यानात ठेव. अमेरिकन गायिका क्रिस्टिना अगिलेराने २००२ मध्ये ‘स्ट्रिप्ड’ आणला तेव्हा पहिलं सिंगल ‘डर्टी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, पण अमेरिकेत ४८व्यावर अडकलं आणि तिच्या नावाने बरीच बोंब झाली. त्याच अल्बममधलं पुढचं सिंगल ‘ब्युटिफुल’, पियानोवरचं साधं गाणं, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. दोन्ही एकाच तबकडीवर होती. तेव्हा तुझ्या या अल्बममध्येही एक गाणं असं ठेव ज्यात किक नाही. चाहत्यांची समजूत काढायला नव्हे. रात्रभर नाचून आलेल्या माणसालाही पहाटे काहीतरी ऐकायचं असतं.

‘विकली गेली’ या शब्दाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. तुझी हळुवार गाणीही विकतच होतो की आपण! त्या अल्बमच्या कव्हरवर ओलेते केस आणि खाली झुकलेली नजर होती. ती काय आपोआप आली होती? तेव्हा तुला कुणी विचारलं नाही, कारण लाजणारी मुलगी विकली जातेय असं कुणाला वाटत नाही.

आता मॅनेजर. त्याला खलनायक करू नकोस. त्याला तारीख आहे, वर लेबल आहे, आणि छायाचित्र हे त्याला कळणारं सगळ्यात सोपं काम आहे. पण त्याच्यासमोर एक उदाहरण ठेव. २०२४ मध्ये ब्रिटिश गायिका चार्ली एक्ससीएक्स हिचा ‘ब्रॅट’ आला. क्लबचा घाम अंगाला लागावा असा अल्बम. कव्हरवर काय? झगझगीत पोपटी-हिरवा चौकोन आणि त्यावर धूसर अक्षरांत चार अक्षरांचं नाव. तिचा चेहरा नाही, शरीर नाही. अल्बमच्या कव्हरवर बाईचा देह असलाच पाहिजे या हट्टावर तिने त्या वेळी जाहीरपणे टीकाही केली होती. तो हिरवा रंग त्या उन्हाळ्यात जिकडेतिकडे दिसत होता, आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीत डान्स अल्बमच्या पुरस्काराबरोबर त्या वेष्टनालाही पुरस्कार मिळाला. तू असंच कर, असं मी म्हणत नाही. तुला तुझे पाय दाखवायचे असतील तर खुशाल दाखव, चांगले असतील तर दाखवावेतच. मात्र ‘याशिवाय विकत नाही’ असं तो म्हणाला, तर तो हिरवा चौकोन त्याच्यासमोर धर.

क्रमही बदल. आधी गाणी पूर्ण होऊ देत, मिक्स होऊ देत. मग दिग्दर्शकाला गाणं ऐकव आणि त्याला काय दिसतं ते विचार. सध्या तुमच्याकडे उलटं चाललंय: चित्र ठरलंय आणि गाण्याला त्यात बसवताहेत.

कागदांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मी स्वतः भाजलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रेकॉर्डिंगला कोरस झाल्यावर निर्मात्याने मला एकटीला थांबवलं. “दोन-चार उसासे दे, राहू देत जवळ.” दिले. पैसे कोरसचेच मिळाले. दोन वर्षांनी एका लग्नाच्या गर्दीत नाचताना वेगळ्याच गाण्यात तो उसासा ऐकला. माझा होता. शेवटी नाकातून येणारी ती बारीक शीळ मी कुठेही ओळखीन. तोपर्यंत तो आणखी कशाकशात गेला होता, देव जाणे. मी भर गर्दीत उभी, आजूबाजूला सगळे नाचताहेत, आणि मला घरी जाऊन दार लावून बसावंसं वाटत होतं. त्या आवाजात वावगं काहीच नव्हतं. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा वकील गाठ. मॅनेजरचा नको, तुझा स्वतःचा. कव्हर आणि व्हिडिओचा शेवटचा कट तुझ्या लेखी संमतीशिवाय बाहेर जाणार नाही, हे करारात घाल. व्हिडिओत न वापरलेलं चित्रण कुणाकडे राहणार आणि कधी पुसणार, हेही घाल. तुझ्या आवाजाचे सुटे ट्रॅक रिमिक्ससाठी कुणाला द्यायचे हे तुला विचारूनच ठरेल, आणि त्या आवाजावरून यंत्राकडून नवं काही गाऊन घेतलं जाणार नाही. अंगलगटीचं चित्रण असेल तेव्हा सेटवर फक्त गरजेची माणसं. आणि सेटवर ‘हे नको’ म्हणायचं कुणाला, त्या एका माणसाचं नाव आधी ठरलेलं असू दे. कॅमेरा फिरत असताना, चाळीस माणसं खोळंबलेली असताना ‘नको’ शब्द घशातच अडकतो.

हे वाचून घाबरशील म्हणून नाही, पण अमेरिकन गायिका जॅनेट जॅक्सन हिची गोष्ट माहीत असू दे. वडिलांच्या हातून कारभार काढून घेऊन तिने १९८६ मध्ये ‘कंट्रोल’ केला, आणि १९९३ च्या अल्बममध्ये शरीराबद्दल मोकळेपणाने गायली, जिमी जॅम आणि टेरी लुइस या आपल्या नेहमीच्या प्रोड्युसर जोडीबरोबर, आपल्या शब्दांत. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग २००४ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात तिच्याबरोबर गाणाऱ्या जस्टिन टिंबरलेकने तिच्या पोशाखाचा छातीवरचा भाग ओढला आणि एक सेकंदही न टिकलेल्या त्या दृश्याची किंमत तिने एकटीने मोजली. आठवड्याभराने ग्रॅमीच्या मंचावर तो होता, ती नव्हती. त्याने तिची जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. तेव्हा काही उलटलं तर बिल कुणाच्या नावाने फाटणार, हा हिशेब आधी करायचा असतो, आणि तो बहुधा बाईच्याच नावाने फाटतो. तुझ्या मॅनेजरला हा प्रश्न शांतपणे विचार. त्याच्याकडे उत्तर तयार असेल तर माणूस बरा आहे.

एक गोष्ट तू विचारलीच नाहीस, पण तुझ्या गळ्याची मला काळजी आहे. ते फुंकर घातल्यासारखं गाणं स्टुडिओत सुंदर वाटतं, पण त्यात स्वरतंतू पुरते मिटत नाहीत, हवा नुसती वाया जाते. मंचावर, मागे बेसची भिंत आणि पायात नाच, तो आवाज तुलाच ऐकू येणार नाही. मग तू तो रेटशील आणि तिसऱ्या कार्यक्रमाला घसा बसेल. मंचासाठी त्याच ओळी भरीव आवाजात बसव, हवं तर पट्टी थोडी चढव. आणि नृत्य बसवणाऱ्याला आधीच सांग: तो श्वासाचा दीड सेकंद येतो तेव्हा कुणीही हलायचं नाही. तूही नाही.

राहता राहिली आई. ही खरी अडचण आहे, बाकीच्या नुसत्या कटकटी. जेसी वेअर ही ब्रिटिश गायिका आधी हळुवार सोल गाणी गायची. २०१८ मधल्या तिच्या एका फसलेल्या कार्यक्रमानंतर तिच्या आईनेच तिला सांगितलं होतं, सोडून दे हे गाणं. तिने सोडलं नाही. २०२० मध्ये ‘व्हॉट्स युअर प्लेझर?’ हा सरळसरळ डिस्कोचा आणि सरळसरळ अभिलाषेचा अल्बम आणला आणि तिची गाडी नव्याने सुटली. आयांचा अंदाज चुकतो, एवढंच यातून घे. आईला न विचारता कर, असं मी सांगत नाहीये.

मला वाटतं, तू आईला घाबरत नाहीयेस. तिला चौथं गाणं ऐकवायला तुला लाज वाटतेय, आणि त्या एका गाण्यापायी बाकीची तीन कपाटात पडून आहेत. तिसरं ऐकवायची लाज वाटते का बघ बरं? वाटली तरी ती वेगळी असेल. आपल्या मनातलं कुणी वाचल्यावर वाटते तशी.

तिसरंच ऐकव. फोनवर नको, मोठ्या स्पीकरवर, बेस नीट लागेल असा. आधी प्रस्तावना करू नकोस, ‘हे जरा वेगळं आहे हं आई’ वगैरे. आणि वाजत असताना तिच्या तोंडाकडे टक लावून बसू नकोस. भांडी आवर, खिडकीत उभी राहा, काहीही कर. ती बहुधा पहिल्यांदा शब्दांबद्दल बोलणारच नाही. ‘एवढ्या खाली कधीपासून गायला लागलीस?’ असं काहीतरी म्हणेल.

चौथ्याच्या सोळा ओळी नव्याने लिहून झाल्या की मला पाठव. खुर्च्या अजून बाजूलाच आहेत.

– तुझी ताई